मागचं दार आणि परबकाका

परबकाका समोरच्या माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हाताकडे. "हात दाखव बघू," हे त्यांचं नमस्काराच्या जागी असायचं. बालवाडीच्या शिक्षिका त्यांना मागून ज्योतिषीबुवा म्हणत. सुलोचना तर तोंडावर विचारायची, "काका, बघा ना, यंदा माझं लग्न जमतंय का?" काका तिचा पंजा उताणा करून बोटांची पेरं न्याहाळत आणि गंभीरपणे सांगत, "लग्नाचं काय माहीत नाय. आज मागचं दार उघडलेलं नाहीस." ते खरं असायचं. सुलोचना जीभ चावून मागच्या दाराकडे पळायची.

यात ज्योतिष काही नव्हतं. आमच्या संस्थेच्या तीन बालवाड्या भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत होत्या. पत्र्याच्या भिंतींची एकेक खोली आणि गल्लीकडे उघडणारं एकेक दार. काका आल्यावर त्यांनी संस्था चालवणाऱ्या मालतीबाईंच्या मागे लागून प्रत्येक खोलीला मागच्या बाजूने दुसरं दार काढून घेतलं, आणि त्याची कडी मुद्दाम खाली, पाच वर्षांच्या पोराचा हात पोचेल इतक्या उंचीवर बसवली. त्या कडीला ते ग्रीस लावून ठेवत. बामच्या जुन्या चपट्या डबीत काळं ग्रीस भरलेलं असे आणि ती डबी त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात. रोज सकाळी शिक्षिकेने मागचं दार एकदा उघडून पुन्हा लावायचं, असा नियम होता. उघडलं असेल तर बोटं काळी, नसेल तर कोरी. शनिवारी काका स्वतः तिन्ही ठिकाणी फेरी मारत आणि हात बघत.

"उघडून बघितलंस की नुसतं बघितलंस?" हा त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न. दार, बादली, छपराचा पत्रा, स्टोचा वॉशर, सगळ्यांना हाच प्रश्न लागू होता. मी एकदा त्यांना सांगितलं, की काका, टाइपरायटरची रिबन मी बदलून ठेवली आहे. तर म्हणाले, "एक ओळ मारून बघितलीस?" मी मारून बघितली नव्हती. रिबन उलटी बसली होती.

मी तेव्हा संस्थेच्या घाटकोपरच्या कचेरीत होते. टायपिंगपासून पाहुण्यांच्या चहापर्यंत पडेल ते काम करायचं. राहायला मुलुंडला, घरात दोन लहान मुली आणि दम्याची सासू. काकांविषयी लिहायचं तर मला स्वतःविषयीही थोडं लिहावं लागणार आहे, आणि ते सुखाचं नाही. पण टाळूनही चालणार नाही.

काका मूळचे मालवणकडचे. लालबागच्या एका गिरणीत सत्तावीस वर्षं बंबखात्यात, म्हणजे आग विझवणाऱ्या टोळीत. गिरण्यांचा संप झाला, लांबला, आणि काकांच्या गिरणीचं फाटक पुन्हा उघडलंच नाही. तोवर त्यांनी भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी एक खोली घेतली होती. तिथे काकी आणि ते, दोघंच. काकांच्या छातीत कापूस बसला होता. बोलता बोलता मध्येच थांबून ते श्वासाची वाट बघत, आणि समोरच्यानेही बघावी अशी त्यांची अपेक्षा असे.

आमच्याकडे ते आले एका घोळामुळे. बालवाडीची सहल पवईच्या बागेत गेली होती आणि परत येताना एक पोरगा मागे राहिला. दोन तासांनी सापडला. माळ्याच्या झोपडीत भाकरी खात बसला होता. पोराला काहीच झालं नाही, पण मालतीबाईंनी त्या दिवसापासून आठ दिवस जेवण नीट घेतलं नाही. मालतीबाई आमच्या संस्थेच्या सर्वेसर्वा. वस्तीत पहिली बालवाडी त्यांनी एका झाडाखाली सुरू केली होती. त्यांना कुणीतरी सांगितलं, टेकडीखाली गिरणीतला एक माणूस रिकामा बसलाय, मोठा सावध आहे. बाईंनी त्यांना दुरुस्तीच्या कामावर म्हणून घेतलं.

पहिल्याच दिवशी काकांनी जाड सुताची लांब दोरी आणली आणि कचेरीच्या पायरीवर बसून तिला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारत राहिले. एका मुलाला एक गाठ. बाहेर जाताना प्रत्येकाने आपली गाठ धरायची. मोजताना मुलं मोजायची नाहीत, कारण मुलं हलतात. गाठी मोजायच्या. जिच्यावर हात नाही ती गाठ लगेच दिसते. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती, आणि आम्ही सगळ्या शिकलेल्या बायका होतो.

दोरीवरूनच पुढे 'आग-आग' हा खेळ निघाला. महिन्यातून एकदा, कुणाला न सांगता, काका बालवाडीत येत आणि जेवणाची थाळी जमिनीवर टाकत. खणकन आवाज झाला की मुलांनी हातातलं सगळं सोडायचं, खुंटीवरची दोरी घ्यायची, आपापली गाठ धरायची आणि मागच्या दाराने बाहेर पडून नळापाशी जाऊन उभं राहायचं. पहिली गाठ ज्याची, त्याने कडी काढायची. पहिली गाठ मिळणं म्हणजे पोरांना लग्नातल्या नवरदेवापेक्षा मोठा मान वाटे. दर महिन्याला ती वेगळ्या मुलाला मिळे. नळापाशी काका सगळ्यांना शेंगदाणे आणि गूळ देत, आणि पहिल्या गाठीवाल्याचा हात उघडून, काळी झालेली बोटं सगळ्यांना दाखवून म्हणत, "ह्याने उघडलं!" पोरं टाळ्या पिटत. घरीसुद्धा म्हणे पोरं थाळ्या पाडून हाच खेळ खेळत, आणि आया आम्हाला शिव्या घालत.

हे सगळं आम्हाला आवडत होतं, पण पटत होतं असं म्हणता येणार नाही. काका खबरदारीचं बोलले की मालतीबाईंना जरा लागायचं. "परब, आपली संस्था विश्वासावर उभी आहे हो," त्या म्हणत. "सारखं वाईटच का मनात आणायचं?" काका मान डोलवत, श्वास घेत. "बाई, माणसांवर विश्वास ठेवा ना. कोण नको म्हणतं? कडीवर कशाला ठेवता?"

महिन्याच्या सभेत तर ते हमखास हसं करून घेत. प्रत्येकजण उठून काय काय झालं ते सांगे. इतक्या मुलांना लस दिली, इतक्या बायका शिवण शिकल्या. काकांची पाळी आली की ते उभे राहत आणि म्हणत, "ह्या महिन्यात काय झालं नाय." विश्वस्तांपैकी एक वकीलसाहेब होते, ते एकदा मोठ्याने हसले. "मग परब, सांगायला काय उभे राहिलात?" "तेवढंच सांगायला," काका म्हणाले आणि बसले. वार्षिक अहवाल मी टाइप करत होते तेव्हा ते माझ्या टेबलापाशी आले. "निर्मला, एक ओळ घाल गो माझी. की वर्षभरात कुठल्याच पोराला काय झालं नाय." मी घातली. बाईंनी वाचताना ती खोडली. म्हणाल्या, देणगीदारांना उगाच वाटेल की काही होण्यासारखं आहे. मला तेव्हा बाईंचंच बरोबर वाटलं होतं.

कपाटाचं भांडण त्याच्या पुढच्या वर्षीचं. एका देणगीदारांनी सुलोचनाच्या बालवाडीसाठी खेळणी आणि ती ठेवायला उंच लोखंडी कपाट दिलं. कपाटाच्या दारावर त्यांच्या आईचं नाव लाल अक्षरात रंगवलेलं. खोलीच्या एका भिंतीला खिडकी, दुसरीला फळा, पुढे दार. कपाट समोरून दिसेल अशी जागा एकच होती, ती मागच्या दारासमोरची. हमालांनी ते तिथे टेकवलं आणि काका आडवे आले. देणगीदारांच्या मंडळींसमोर ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "हे इथे राहणार नाय."

"अहो परब, दोन मिनिटं फोटो तरी होऊ दे," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"फोटो काढा. मग हलवा. मी थांबतो."

फोटो झाला आणि काकांनी हमालांना हात देऊन कपाट खिडकीच्या भिंतीला नेऊन लावलं. खिडकी अर्धी झाकली गेली. आईचं नाव फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं. देणगीदार चहा न घेता गेले. बाई त्या दिवशी काकांशी बोलल्या नाहीत, आणि सुलोचना मला म्हणाली, "निर्मलाताई, काका म्हणजे एकदम डोक्याला ताप आहेत यार. वर्गात अंधार झाला ना सगळा." काका ऐकत होते. त्यांनी खिशातली डबी काढून कडीला थोडं ग्रीस लावलं आणि टेकडी उतरून गेले.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांना टेकडी चढवेना. पिठाच्या गिरणीपर्यंत येत, म्हणजे अर्ध्यावर, आणि तिथल्या फळीवर बसून राहत. शेवटी एक दिवस ते कचेरीत आले आणि शनिवारचं रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. लांबलचक वही, रकाने त्यांनीच फूटपट्टीने आखलेले. स्टो, वाळूच्या बादल्या, छप्पर, दोरी, मागचं दार.

"मीच का काका?" मी विचारलं. "मी तर कचेरीतली."

"म्हणूनच. शिक्षिका आपल्याच खोलीचं काय बघणार? तिला ती रोज दिसते. रोज दिसतं ते माणसाला दिसत नाय." श्वास घेऊन ते पुढे म्हणाले, "मी सुरू केलं त्याला काय अर्थ नाय. मी गेल्यावर कोणी केलं तर ते खरं. एवढं माझं कर तू."

अहवालातली ती ओळ सोडली, तर सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मी करत होते. संक्रांतीपर्यंत नेमाने करत होते. शनिवारी कचेरी अर्धा दिवस, मग भांडुपला उतरायचं, टेकडी चढायची, तीन दारं उघडायची, उतरताना काकांच्या खोलीत डोकावून हात दाखवायचा. काकी घासलेटचा बोळा घेऊन तयारच असे, ग्रीस पुसायला. काका हात बघून नुसतं "बरा" म्हणत. मग धाकटीला गोवर निघाला आणि दोन शनिवार गेले नाही. त्या दोन शनिवारांचे रकाने रिकामे दिसायला लागले म्हणून सोमवारी कचेरीत बसून भरून टाकले. काही झालं नव्हतंच ना. त्यानंतर सासूचा दमा वाढला. मग परीक्षा आल्या. मग कारणच लागेनासं झालं. शनिवारी दुपारी टाइपरायटरवर झाकण घालण्याआधी मी रजिस्टर ओढून घ्यायची आणि खाली खाली लिहीत जायची. स्टो ठीक. बादल्या भरलेल्या. मागचं दार मोकळं. खाली सही. माझी सही छान आहे, सगळे म्हणतात.

मे महिन्यात ते देणगीदार पुन्हा येणार होते. त्यांच्यासाठी सुलोचनाने कपाट दोन दिवसांपुरतं मागच्या दारासमोर आणून ठेवलं. पाहुणे खूश होऊन गेले. कपाट जड होतं, हलवायला चार माणसं लागत, आणि वर्गात उजेड आला होता. बाईंनी पाहिलं, त्यांनाही बरं वाटलं. ते तिथेच राहिलं. मी हे सगळं नंतर ऐकलं. माझ्या रजिस्टरात मे, जून, जुलै, सगळे शनिवार मागचं दार मोकळं आहे.

जुलैत बाईंनी काकांसाठी औषधाच्या बाटल्या पाठवल्या, त्या घेऊन मी त्यांच्याकडे गेले. शनिवारच होता. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. बाटल्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"टेकडीवर जाऊन आलीस?"

"हो काका."

"हात दाखव बघू."

मी हात पुढे केला. स्वच्छ होता. "धुतला," मी म्हणाले. "वरच नळावर धुतला, काका."

ग्रीस नुसत्या पाण्याने जात नाही. हे मला माहीत होतं, काकीला माहीत होतं, ती घासलेटचा बोळा हातात घेऊन तशीच उभी होती. काकांनी माझ्या नखांकडे बघितलं, पेरांच्या घड्यांकडे बघितलं. मग माझा हात हळूच परत माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बरा." इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी तिथून उठून मी टेकडीवर गेले नाही, स्टेशनकडेच गेले. आज हे लिहितानाही मला त्याचं कुठलंही कारण देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका काठी घेऊन टेकडी चढायला निघाले होते, हे काकीने मला पुढे सांगितलं. पिठाच्या गिरणीपाशी तासभर खोकत बसले. गिरणीवाल्याने त्यांना धरून खाली आणून सोडलं.

आणि मंगळवारी ते झालं.

पाऊस होता म्हणून खिचडीचा स्टो दाराबाहेरच्या पडवीतून आत आणला होता, पुढच्या दारालगत. स्टो भडकला. शांताबाई, स्वयंपाक करायच्या त्या, दचकून मागे सरल्या आणि त्यांच्या हातातली थाळी जमिनीवर पडली.

खणकन आवाज झाला आणि बावीस मुलांनी हातातलं सगळं सोडलं. खुंटीवरून दोरी काढली. प्रत्येकाने आपली गाठ धरली. सुलोचना सांगत होती, की ताई, पोरं हसत होती हो, त्यांना वाटलं काका आलेत. पावसासाठी दाराला बांधलेल्या ताडपत्रीने पेट घेतला होता आणि पोरं ओळीने मागच्या दाराकडे निघाली, शिकवलं होतं तशी. जाऊन कपाटासमोर उभी राहिली. सुलोचनाने कपाटाला खांदा लावला, ते हललं नाही. खिडकीला गज होते. धूर झाला. शेजारच्या माणसांनी बाहेरून बाजूचा पत्रा उचकटला आणि पोरं त्या भगदाडातून ओढून काढली. खोकत, रडत, पण दोरी हातात. नळापाशी सुलोचनाने गाठी मोजल्या. पहिली गाठ रिकामी होती.

ती मंदाची होती, काकांनी घेतलेल्या शेवटच्या खेळापासून तिच्याचकडे. पाच वर्षांची. कपाट आणि भिंतीच्या मधे वीतभर फट होती, तिच्यात ती अंग चोरून शिरली होती, कडी काढायला. कारण पहिली गाठ तिची. कडी तिने काढलीही होती. दार आत उघडणारं होतं, ते कपाटाला अडलं. माणसं पुन्हा आत गेली, तिला आणलं, रुग्णालयात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिच्या उजव्या हाताची बोटं काळी होती. नर्सला वाटलं भाजलंय. ते ग्रीस होतं.

पुढे चौकशी झाली. कचेरीत बसून वकीलसाहेबांनी शनिवारचं रजिस्टर पानापानाने चाळलं आणि समाधानाने मिटलं. "संस्थेचे कागद चोख आहेत," ते म्हणाले. "गेल्या शनिवारपर्यंत दार मोकळं असल्याची नोंद आहे. म्हणजे कपाट शिक्षिकेने त्यानंतर हलवलं. संस्थेचा दोष नाही." मालतीबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी ते कपाट मे महिन्यात तिथे पाहिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. परबांचं ते रजिस्टर, ज्याच्यावर सगळे हसत, ते आता संस्थेला वाचवत होतं, आणि सुलोचनाला बुडवत होतं.

मी काकांकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. खोलीत काकीने दिवा लावला होता. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पायाशी बसले आणि रडायला लागले. ते भिंतीकडे बघतच बोलले, आणि पहिल्यांदाच माझ्याशी आपल्या घरच्या बोलीत बोलले.

"त्या पोरीक मी शिकवलंय. कडी काढ म्हणान. मीच."

"नाही काका, कपाट—"

"गप ऱ्हव." श्वासासाठी ते थांबले. "गिरणीत कापसाचा गोदाम होता. मागचा दार. गोदाम भरला की तेच्या आड कापसाचे गठ्ठे रचायचे. फेरी माझी होती. लांबसून बघितलंय, दार बंद दिसला, सही केलंय. आग लागली त्या दिवशी दोघे आत ऱ्हवले. चौकशी झाली, रजिस्टर चोख होता. साहेबान माझी पाठ थोपटली." ते माझ्याकडे वळले. "तेच्यानंतर मी ग्रीस लावूक लागलंय. दुसऱ्यांचे हात बघूक लागलंय. पण ती सही तशीच आसा गो. गिरणी बंद झाली, रजिस्टर खंय गेला देवाक ठावक. माझी सही आसा."

काकीने तोंडाला पदर लावला. चाळीस वर्षांच्या संसारात तिनेही हे ऐकलेलं नव्हतं, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"तुझा रजिस्टर अजून टेबलार आसा," काका म्हणाले. "काय खोडू नको. खाली लिही."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले आणि माझ्या शेवटच्या सहीखाली लिहिलं, की संक्रांतीपासून मी टेकडीवर गेलेली नाही, वरच्या सगळ्या नोंदी इथे बसून केलेल्या आहेत. वही वकीलसाहेबांसमोर ठेवली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की बाई तुम्हाला वेड लागलंय का. पण मालतीबाईंनी वही स्वतःकडे ओढली, वाचली, आणि माझ्या ओळीखाली लिहिलं, कपाट मी मे महिन्यात पाहिलं होतं. खाली सही केली. सुलोचनावरचा ठपका गेला. माझं काय झालं, बाईंचं काय झालं, ते सांगण्यात अर्थ नाही. जे व्हायला हवं होतं त्यापेक्षा कमीच झालं. मंदाच्या आईने आमच्यापैकी कुणाचंही तोंड पुन्हा बघितलं नाही आणि ते अगदी बरोबर होतं.

फेरी माझ्याकडेच राहिली. बाईंनी विचारलं नाही, मी सोडली नाही. पावसाळ्यानंतर बालवाडी पुन्हा उभी राहिली आणि पहिल्या शनिवारी मी टेकडी चढत होते, तर पिठाच्या गिरणीच्या फळीवर काका बसलेले. काकी शेजारी. मी वर जाऊन तीन दारं उघडली, लावली, खाली उतरले. ते तिथेच होते.

"हात दाखव बघू."

मी दाखवला. त्यांनी बघितला. उठले आणि काकीच्या खांद्यावर हात ठेवून उतरायला लागले. त्यांनी मला माफ केलं, असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी कधी तसं म्हटलंही नाही. दर शनिवारी येत, बसत, हात बघत आणि जात. नवीन शिक्षिकांना वाटे, हे कोणी माझे वडीलधारे आहेत, मला न्यायला येतात.

दीड वर्ष हे चाललं. शेवटी शेवटी त्यांना नीट दिसेनासं झालं होतं. त्या शनिवारी मी उतरून आले तर त्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. मी न विचारता हात पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दिसलं नाही, म्हणून आपला अंगठा माझ्या बोटांवरून सावकाश फिरवला, एकेका पेरावरून. मग तोच अंगठा उजेडाकडे धरला. काळा झाला होता. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले.

काकीने पदराने तो पुसायला घेतला तर त्यांनी हात मागे ओढला. मग डावा हात तिच्या खांद्यावर ठेवून ते उतार उतरू लागले. उजवा हात मात्र, कपड्यांना डाग लागू नये म्हणून असेल, अंगापासून जरा लांब धरलेला होता. वळणापर्यंत मला तो तसाच दिसत होता. पुढच्या शनिवारी मी उतरले तेव्हा फळीवर काकी एकटीच बसली होती, आणि तिच्या हातात घासलेटचा बोळा होता.